पट्टीला हात न लावता

"दांडा लागला होता. हिरवा दिवा मी स्वतः बघितला."

"दांडा लागला होता, मग पोरगी निसटली कशी?"

"हे तुम्ही विचारताय मला? बाबा, तुम्ही?"

"मी कुठे विचारतोय. उद्या ते विचारतील. तुझी तयारी करून घेतोय."

"माझी तयारी झालीये. मी सांगणार, पोरगी एकशे तेवीस होती, दवाखान्यात मोजलीये. एकशे तीसची पट्टी ओलांडून एकशे तेवीसची पोरगी माझ्या गाडीत येऊन बसली कशी, ते पट्टीवाल्याला विचारा."

मामाने कप बशीत ठेवला. परत उचलला. त्यात चहा नव्हताच.

"पट्टी बरोबर आहे," तो म्हणाला. "बावीस वर्षांत पट्टीला मी हात लावलेला नाही."

"पट्टीचं कोण बोलतंय?"

"हळू बोला गं," आतून मामी म्हणाली. "शेजारच्यांनी टीव्ही बंद केलाय तुमच्यासाठी."

एरवी या वाक्यावर वहिनी हसली असती. त्या दिवशी नाही हसली. मी दोघांच्या मध्ये बसून मटार सोलत होते आणि दाणे टरफलांच्या परातीत टाकत होते.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ आणि वहिनी म्हणजे त्याची सून. दोघं एकाच पार्कमध्ये, एकाच राइडवर. 'वादळ' तिचं नाव. चाळीस फूट वर जाणारी, दोन वळणं घेऊन धाडकन खाली येणारी गाडी. मामा तिच्या फाटकावर पोरांची उंची मोजायचा आणि वहिनी काचेच्या केबिनमध्ये बसून गाडी सोडायची. मी त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होते, सुट्टीत त्याच पार्कच्या तिकीट खिडकीवर बसायचे. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, टुरिस्ट बस चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. घरातले तिघं पार्कचं खायचे आणि चौथी, म्हणजे मामी, पार्कला शिव्या द्यायची.

मामा आधी शिंपी होता. म्हणजे शिंप्याकडे मापं घ्यायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप गळ्यातच ठेवून सांगायचा, छाती अडतीस, बाही तेवीस. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकान बसलं आणि तो पार्कात लागला. तिथे त्याला फाटकावर उभं केलं, शेजारी लोखंडी खांब, खांबावर लाल रेघ. एकशे तीस सेंटीमीटर. पोरगं रेघेला टेकलं तर आत, नाही टेकलं तर बाहेर. मामाला खांबाची गरज नव्हती. रांगेत वीस पावलांवरचं पोरगं बघून तो पुटपुटायचा, "एकशे अठ्ठावीस. रडणार." पोरगं खांबाशी यायचं, एकशे अठ्ठावीस भरायचं आणि रडायचं.

सगळे त्याला पट्टीमामा म्हणायचे. अगदी साहेबसुद्धा.

पोरांच्या सगळ्या युक्त्या त्याला पाठ. बुटात वर्तमानपत्राच्या घड्या. दोन दोन मोजे. पोरींचा डोक्यावर बांधलेला अंबाडा. एका आईने मुलाची कॉलर मागून धरून त्याला हळूच वर उचललं होतं आणि चेहरा असा ठेवला होता की जणू आभाळ बघतेय. म्हणून मामाचा नियम होता. बूट काढायचे, केस सोडायचे, आईबापांनी दोन हात लांब उभं राहायचं.

"काका, दोनच बोटं कमी आहेत हो. लांबून आलोय."

"दोन बोटं वाढवून परत या. आम्ही कुठे जात नाही."

जे पोरगं कमी भरायचं त्याला तो एक कार्ड द्यायचा. निळं, हाताएवढं. त्यावर नाव, तारीख आणि उंची. पुढच्या वर्षी हे कार्ड दाखवलं की रांगेत उभं राहायचं नाही, थेट पुढे. ही कल्पना त्याचीच. पोरं खरंच परत यायची, कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वगैरे. मामा कार्डाकडे न बघता म्हणायचा, "सहा सेंटीमीटर वाढलास. काय खातोस?" माझ्या आठवणीतला मामा हा असा, फाटकावर ताठ उभा, टोपी जरा तिरकी.

इतका कडक का, हे तो प्रत्येक नव्या ऑपरेटरला गाडीत बसवून दाखवायचा. वहिनीलाही दाखवलं होतं, लग्नानंतर दोन महिन्यांनी, ती कामाला लागली तेव्हा. एका बाकावर दोघं बसतात, दोघांच्या मांडीवर एकच दांडा. शेजारी जाडजूड माणूस असला की दांडा त्याच्या मांडीवर अडतो. दिवा हिरवा होतो. लहान पोराच्या मांडीवर मात्र वीतभर जागा उरते. "हा दिवा बापाचा आहे," मामा सांगायचा. "पोराचा दिवा म्हणजे आपली पट्टी."

मग समोरचे आले.

त्यांचं नाव आमच्या पार्कात कोणी घ्यायचं नाही. नुसतं 'समोरचे'. रस्त्याच्या पलीकडे त्यांनी आधी कुंपण घातलं, मग कुंपणाच्या वर त्यांच्या राइडचं डोकं दिसायला लागलं. वादळापेक्षा उंच आणि रंग असा की डोळे मिटले तरी दिसावा. हॉटेलवाल्यांना त्यांनी पास वाटले, बसवाल्यांना जेवण दिलं. दादासुद्धा एकदा तिथे जेवून आला आणि घरी येऊन बोलला नाही, मामीने त्याच्या खिशातलं कुपन धुताना बघितलं. पण खरा घाव घातला तो त्यांच्या दारावरच्या पाटीने. त्यांची राइड नवी, प्रत्येकाला वेगळा दांडा, खांद्यावरून येणारा. त्यामुळे त्यांना परवानगी एकशे वीसची. पाटीवर एक हसरं पोरगं आणि खाली लिहिलेलं, 'इथे तू मोठा आहेस.'

आमच्या रांगेतून कमी भरलेली पोरं मामाचं निळं कार्ड घ्यायची आणि आईबापाचा हात ओढत रस्ता ओलांडायची. एक पोरगं गेलं की मागे आख्खं कुटुंब जायचं. आजीसकट. संध्याकाळी घरी जाताना मला रस्त्याच्या मधोमध निळे तुकडे दिसायचे. मामालाही दिसत असणार, पण तो तिथे आला की घड्याळ बघायचा.

हंगामाच्या तोंडावर साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मीही होते, हे सांगून टाकते.

"समोरचे आणखी दहा एकर घेतायत," साहेब म्हणाले. "पाण्याचा भाग काढतायत. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे पट्टीमामा आहेत."

लोक हसले. मामाही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

"मामा, मी तुम्हाला दोष देत नाही. पण दहातली चार पोरं तुम्ही परत पाठवता. काहीतरी सुचवा. बावीस वर्षं आहात."

मामा उठला. टोपी काढून हातात घेतली. "साहेब, पट्टीला हात लावायचा नाही. ते होणार नाही."

"बरं."

"पण पोरांना मी बूट काढायला लावतो. खाली सिमेंट. उन्हात चटके बसतात, पोरं पाय उचलतात, माप नीट येत नाही." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तिथे एखादी मॅट टाकली तर बरं पडेल. रबराची."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग साहेबांना कळलं. ते मामाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाय भाजतात हो पोरांचे. खरंय." मग सगळ्यांना कळलं. कोणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. मीही. वहिनी त्या वेळी केबिनमध्ये होती, गाडीची रिकामी फेरी मारून बघत होती. ती टाळ्यांत नव्हती.

पहिली मॅट दोन बोटं जाड होती. महिन्याभराने समोरच्यांचा पाण्याचा भाग सुरू झाला, तेव्हा पहिलीवर दुसरी आली. मे महिन्यात तिसरी. साहेबांनी कधी आणा म्हटलं नाही. कोठारातून मामाच आणायचा, काखेत गुंडाळी धरून. बूट काढायला लावणं, केस सोडायला लावणं, सगळं पहिल्यासारखंच चालू होतं, उलट जास्तच कडक. एका पोराच्या मोज्यात त्याने पुठ्ठा पकडला आणि त्याच्या बापाला असं झापलं की रांग गप्प झाली. पोराने पुठ्ठा काढला, तीन मॅटांवर उभं राहिलं आणि आत गेलं.

निळी कार्डं संपली नाहीत. त्यांची गरजच संपली.

तो रविवार होता, सकाळचे साडेअकरा. पोरगी लाल फ्रॉकमधली, दोन वेण्या. बाप चांगला पैलवानासारखा. पहिलं वळण झालं आणि वहिनीला कॅमेऱ्यात दिसलं की बापाच्या शेजारी डोकं दिसत नाहीये. तिने लाल बटण दाबलं. गाडी चढावर थांबली. पोरगी दांड्याखालून सरकून पायांकडे गेली होती, अर्धी बाहेर, आणि बापाने तिचा एक हात धरलेला होता. वहिनी स्वतः शिडीवरून वर गेली. पोरीचा खांदा निखळला होता, बाकी काही नाही. 'बाकी काही नाही' हे आम्ही त्या दिवशी एकमेकांना किती वेळा म्हटलं याला मोजमाप नाही.

मी खिडकी बंद करून धावत आले तेव्हा सगळे वर बघत होते. एकटा मामा वर बघत नव्हता. तो वाकून मॅटा गुंडाळत होता. तिन्ही एकदम. माझ्या अंगावरून तो गेला तेव्हा म्हणाला, "बाजूला हो, कोणाच्या तरी पायात येतील."

मी बाजूला झाले.

दोन दिवसांनी मुख्य कार्यालयातून दोघं जण आले, एक बाई आणि एक गृहस्थ. चौकशी साहेबांच्या खोलीत. वहिनीचा ऑपरेटरचा परवाना पणाला होता. तो गेला की आमच्याच काय, समोरच्यांच्याही केबिनमध्ये तिला कोणी बसवलं नसतं. या भागात तिच्यासारखीला दुसरं काम म्हणजे हॉटेलच्या चादरी बदलणं. आधीच्या संध्याकाळी घरी झालेलं भांडण ते यासाठी. मामा तिला शिकवत होता, असं सांग, तसं सांग, नम्र बोल, आणि ती वाट बघत होती की तो एक वाक्य बोलेल. तो सोडून सगळं बोलला.

खोलीबाहेरच्या बाकावर मामा आणि मी. दार पातळ होतं.

"गाडी सोडण्याआधी शेवटची नजर ऑपरेटरची. नियम माहितीये ना?" बाईंचा आवाज.

"माहितीये."

"मग पोरगी लहान आहे हे दिसलं नाही तुम्हाला?"

वहिनी म्हणाली, "दिसलं."

"आणि तरी गाडी सोडलीत?"

"फाटकावर बाबा होते. त्यांनी सोडलंय म्हणजे बरोबर असणार, असं वाटलं. त्यांचं माप कधी चुकत नाही."

मामाने टोपी गुडघ्यावर ठेवली होती, तिची शिवण तो नखाने खरवडत होता.

मग तिने मॅटांचं सांगितलं. तीन मॅटा, इतक्या जाड, कधीपासून. गृहस्थांनी विचारलं, कुठे आहेत. कोठारात बघून आले, कोठारात मॅटा पुष्कळ, पाण्याच्या घसरगुंडीच्या, व्यायामाच्या, कुठली कुठे होती कोण सांगणार. पाहुण्यांच्या फोटोंमध्ये असतील, वहिनी म्हणाली. फोटो मागवले होते त्यांनी. लोक तोंडाचे फोटो काढतात, पायाचे कोण काढतं.

शिपाई बाहेर आला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, विचारतायत, तुम्ही तिथे मॅट बघितली होती का?"

"तिकीट खिडकीतून फाटक दिसत नाही," मी म्हणाले. आणि खरंच दिसत नाही. कोणीही जाऊन बसून बघावं.

"आणि मामा, तुम्हाला काही सांगायचंय का?"

मामा उभा राहिला. मला वाटलं, आता. त्याने टोपी घातली, नीट केली.

"माझं काय. मी पट्टीचा माणूस. पट्टी जिथे आहे तिथे आहे, मोजून घ्या म्हणावं."

त्यांनी खरंच जाऊन मोजली. उघड्या सिमेंटपासून लाल रेघेपर्यंत एकशे तीस. तिळमात्र फरक नाही. गृहस्थ मामाला म्हणाले, "बावीस वर्षांत हलली नाही, वा," आणि त्याच्याशी हात मिळवला. मामाने तो हात घेतला. मी बघत होते. आता लिहितानाही तो हातच आधी डोळ्यांपुढे येतो.

वहिनीचा परवाना काढून घेतला. घरी आली, साडी बदलली, भात लावला. तिघं जेवलो. मामी वाढत होती आणि पहिल्यांदाच पार्कला शिव्या देत नव्हती. कारण शिव्या कोणाला द्यायच्या ते तिला कळत नव्हतं, किंवा कळत होतं.

तीन दिवस मामा वहिनीशी बोलला नाही, म्हणजे तसा बोलला. मीठ दे. दादाचा फोन आला होता का. चौथ्या दिवशी सुट्टी असून तो गणवेश घालून गेला. दुपारी आला तेव्हा वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, मी इस्त्री करत होते, मामी डाळ निवडत होती. तो दारातच बोलला, चप्पल काढायच्या आधी. पाठ करून आल्यासारखा.

"सांगून आलो."

वहिनीचे हात थांबले. "काय?"

"मॅटेचं. माझी कल्पना होती म्हणालो. मीच आणल्या, मीच काढल्या. तुझा दोष नाही म्हणालो."

मामीच्या तोंडून "बरं झालं" निघालं आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मी इस्त्री उभी केली. खोलीत काहीतरी हललं, सैल झालं. वहिनीच्या चेहऱ्यावरसुद्धा. तिने विचारलं, अगदी मऊ आवाजात विचारलं, "कोणाला सांगितलंत, बाबा?"

"साहेबांना."

"त्या बाईंना नाही?"

"त्या गेल्या ना. साहेबांनाच सांगितलं, दार लावून. पुष्कळ वेळ ऐकून घेतलं त्यांनी. चहा मागवला."

"कागदावर?"

"तोंडी. कागदाचं काय आहे त्यात, आपलेच साहेब."

"मग काय म्हणाले ते?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणाले, मामा, मन मोकळं केलंत, बरं वाटलं. आता हे इथेच राहू दे." एका हाताने त्याने दाराची कडी धरली होती. "नव्या भागाचं काम सुरू होतंय आपल्याकडे. पुढच्या हंगामात तीन राइड. माणसं शिकवायला कोणीतरी जुनं, भरवशाचं हवंय म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"अहो," मामी म्हणाली.

वहिनीने हातातला शर्ट नीट घडी करून बाजूला ठेवला. बाह्या आत, कॉलर वर. तो मामाचाच होता.

"बाबा, मला ती नोकरी परत नकोय," ती म्हणाली. "समोरच्यांकडे माझी मैत्रीण आहे. ती म्हणते, अपघातात तुझी चूक नव्हती अशा कोणाच्या हातच्या दोन ओळी असल्या तरी ते परवान्यासाठी वरती अर्ज करू देतील. दोनच ओळी. मॅटा मी टाकल्या होत्या, ऑपरेटरचा दोष नाही. खाली सही. मी नेऊन देते. साहेबांना कळायच्या आत माझं काम होईल."

"समोरच्यांकडे," मामा म्हणाला.

"हो. समोरच्यांकडे."

"ते माझ्या हातचा कागद घेऊन पेपरात देतील. बावीस वर्षांची..."

"पेपरात देतील की नाही मला माहीत नाही. देतीलही."

"द्या की हो लिहून," मामी म्हणाली. डाळीतून मान वर न करता, पण आमच्या सगळ्यांत ती एकटी बोलली. "पोरीने विचारलंय."

वहिनी उठली नाही, कागद आणायला गेली नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही लांबून बघून सांगता ना, बाबा. ती लाल फ्रॉकवाली रांगेत होती तेव्हा किती वाटली होती तुम्हाला?"

मामाचे ओठ हलले. तो आकडा त्याला माहीत होता. मला खात्री आहे की त्याने तो मनात म्हटला.

मग त्याने दाराची कडी सोडली, जी तो इतका वेळ धरून उभा होता, आणि पायऱ्या उतरून गेला. चप्पल त्याने काढलीच नव्हती.